केसांचा उतरलेला रंग आणि देहाची अमानत

धर्माला विचारायचे प्रश्न मोठेच असले पाहिजेत, अशी एक समजूत आपल्या समाजात रुजलेली आहे. नमाज, रोजा, जकात, वारसाहक्क यांविषयी विचारणारा माणूस गंभीर ठरतो. परंतु केसांना लावलेला रंग उतरला आहे, तो पुन्हा चढवावा काय, असे कोणी मशिदीच्या इमामाला विचारले तर आसपासची मंडळी हसतात. वास्तविक आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्यांच्या अनुयायांनी असे कितीतरी साधे प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे त्यांना मिळाली. इमाम अबू दाऊद (रह.) यांच्या ‘सुनन’ या हदीससंग्रहात केस विंचरण्याविषयी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. ज्या धर्माने फणी आणि तेल यांचीही दखल घेतली, त्या धर्माला कलपाचा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाही.

हा प्रश्न बहुधा पुढील स्वरूपात येतो. चाळिशी ओलांडलेल्या एखाद्या भगिनीने काही वर्षे केस रंगवलेले असतात. आता रंग पूर्वीसारखा टिकत नाही. पंधरा-वीस दिवसांत तो विटून तांबूस होतो, भांगातून पांढरी रेघ डोकावते, केस काथ्यासारखे कोरडे पडतात आणि फणीत तुटून येतात. कधी टाळूला खाजही सुटते. घरात लग्नकार्य आलेले असते. मुलाच्या किंवा पतीच्या हातून निरोप येतो: पुन्हा रंग लावला तर गुनाह तर होणार नाही ना?

या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत. केस रंगवणे वैध आहे काय? स्वतःच्या शरीराला इजा होत असल्याचे दिसत असूनही ते करीत राहणे वैध आहे काय? आणि हा सारा खटाटोप नेमका कोणाच्या नजरेसाठी आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत सहज सापडते. दुसऱ्यासाठी थोडा विचार करावा लागतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र ज्याचे त्याने, आणि ज्याच्या त्याच्या घराने, आपल्या मनात शोधायचे आहे.

रंग बदलण्याची मुभा आणि तिची मर्यादा

हिजरी सन ८ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३० मध्ये, मक्का विजयाच्या दिवशी घडलेला एक प्रसंग हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार ‘सहीह मुस्लिम’मध्ये नोंदलेला आहे. हजरत अबू बकर (रजि.) यांचे वृद्ध वडील हजरत अबू कुहाफा (रजि.) यांना प्रेषितांसमोर (स.) आणण्यात आले. त्यांचे डोके आणि दाढी ‘सगामा’ नावाच्या पांढऱ्या वनस्पतीसारखी शुभ्र झाली होती. हा रंग कशाने तरी बदलावा, मात्र काळा रंग टाळावा, अशा आशयाची सूचना प्रेषितांनी (स.) केली. बदलाची मुभा आणि बदलाची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच सूचनेत आल्या. म्हाताऱ्या माणसाला तरुण भासवा, असा त्या सूचनेचा रोख नव्हता. वार्धक्यालाही एक टापटीप असते, तिचा मान राखावा, एवढाच बोध त्यातून मिळतो.

हजरत अबू जर (रजि.) यांच्या कथनानुसार पांढरे केस रंगवण्यासाठी मेंदी आणि कतम ही सर्वांत चांगली द्रव्ये होत. कतम ही यमनकडे आढळणारी वनस्पती असून तिच्यापासून काळपट छटा मिळते. हजरत अनस (रजि.) सांगतात की हजरत अबू बकर (रजि.) मेंदी आणि कतम एकत्र करून लावीत, तर हजरत उमर (रजि.) निव्वळ मेंदी वापरीत. खुद्द प्रेषितांच्या (स.) मस्तकात आणि दाढीत मिळून वीसही पांढरे केस नव्हते, असेही तेच सांगतात. दुसरीकडे कित्येक सहाबांनी आपले केस पांढरेच राहू दिले. पांढरा केस उपटू नये, तो श्रद्धावंतासाठी कयामतच्या दिवशी प्रकाश ठरेल, या आशयाची हदीसही प्रसिद्ध आहे.

काळ्या रंगाविषयी विद्वानांमध्ये मतभेद आहेत. शाफई पंथाचे थोर विद्वान इमाम नववी (रह.) यांनी तो निषिद्ध मानला आहे आणि आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे याच पंथाचे अनुसरण करतात. हनफी पंथातील बहुतेक विद्वानांनी तो मकरूह, म्हणजे अप्रिय, ठरवला, मात्र इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्याकडून पतिपत्नींच्या परस्पर शोभेसाठी सवलतीचे मतही नोंदले गेले आहे. सावधपणाचा मार्ग असा की गडद काळ्याऐवजी तपकिरी किंवा तांबूस छटा निवडावी. अशा छटेविषयी वाद उरत नाही.

या सगळ्याचा सारांश एवढाच की शरीअतने आपल्यापुढे दोन सन्मान्य पर्याय ठेवले आहेत: रंगवलेले केस आणि पांढरे केस. रंगवणारा सवंग नाही आणि न रंगवणारा गबाळा नाही. निवड करायला मोकळीक आहे, म्हणूनच निवडीची जबाबदारीही आहे.

रंग उतरतो म्हणजे काय होते?

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी रंग उतरण्याची क्रिया समजून घेतली पाहिजे. वस्तुस्थिती न जाणता दिलेला निवाडा अर्धवट राहतो. म्हणूनच आजाराविषयीच्या मसल्यात फकीह वैद्याचे मत विचारात घेतात.

डोक्यावर दिसणारा केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव तंतू असतो. त्याचे जिवंत मूळ त्वचेच्या आत असते. तंतूच्या बाहेरच्या अंगाला अतिसूक्ष्म पापुद्रे, घराच्या छपरावरील कौलांप्रमाणे, एकावर एक बसलेले असतात. बाजारातील पक्का कलप अमोनियासारख्या द्रव्याने ही कौले उचलतो. मग हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून केसाचे नैसर्गिक रंगद्रव्य फिकट करते. त्याच वेळी रंगाचे सूक्ष्म कण आत जातात, एकमेकांशी जोडले जाऊन आकाराने मोठे होतात आणि आतच अडकून पडतात. रंग पक्का होतो तो यामुळे.

परंतु एकदा उचललेली कौले पुन्हा पहिल्यासारखी बसत नाहीत. ज्या फटींतून रंग आत गेला, त्याच फटींतून तो प्रत्येक धुण्यासोबत थोडाथोडा बाहेर पडतो. कडक ऊन, गरम पाणी आणि केस सरळ करणारी तापलेली यंत्रे या गळतीला हातभार लावतात. म्हणजे रंग लवकर उतरू लागणे हे बहुधा केस आधीच दुखावल्याचे चिन्ह असते. आणि आपण काय करतो? रंग लवकर उतरतो म्हणून तोच कलप लवकर लावतो, तोही मुळापासून टोकापर्यंत. त्यामुळे फटी आणखी रुंदावतात आणि पुढचा रंग त्याहून लवकर उतरतो.

मेंदीची रीत निराळी आहे. तिच्या पानातील रंगद्रव्य केराटिनला चिकटते, कौले उचलीत नाही. म्हणून तो रंग दीर्घकाळ टिकतो. मेंदीसोबत नीळ, म्हणजे निळीच्या पानांची भुकटी, लावली तर गडद छटा येते. मात्र पुढे नीळ आधी उतरते आणि मेंदी मागे राहते. मग केस तांबूस दिसतात आणि आपण म्हणतो, रंग गेला. येथे क्षणभर थांबून पाहावे. नीळ उतरल्यावर जी छटा उरते, ती हजरत उमर (रजि.) यांनी स्वखुशीने निवडलेली मेंदीचीच छटा आहे. सुन्नतच्या परंपरेत जो रंग शोभेचा होता, तोच आपल्याला आज उतरलेला आणि लाजिरवाणा वाटतो. दोष रंगात नसून, ‘हिचे केस पिकले आहेत’ हे तो रंग शेजाऱ्यांना सांगून टाकतो या भीतीत आहे.

बाजारात ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांविषयीही सांगितले पाहिजे. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी ते तांबडा एवढाच असतो. ती कधीही काळी रंगत नाही. पुडीवर मेंदीचे चित्र असून केस तासाभरात काळेभोर होत असतील, तर आत बहुधा पॅराफेनिलिनडायअमिन हे रसायन असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. टाळूला फोड येतात, पापण्या आणि चेहरा सुजतो. वर्षानुवर्षे वापर करूनही काही न झालेल्या माणसाला ती एके दिवशी अचानक होऊ शकते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. नाव मेंदीचे आहे म्हणून सुन्नत समजून ती पुडी घेणारे अनेक भाबडे जीव आहेत. त्यांनी पुडीच्या मागील बाजूची बारीक अक्षरे कोणाकडून तरी वाचून घ्यावीत.

हानीने हानी दूर होत नाही

इस्लामी धर्मशास्त्राच्या अभ्यासात काही मूलसूत्रे शिकवली जातात. कोणाला हानी पोचवू नये आणि हानीच्या बदल्यात हानी करू नये, या आशयाच्या हदीसवर त्यांतील एक गट उभा आहे. पहिले सूत्र सांगते की हानी दूर केली जावी. दुसरे सूत्र त्याला लगाम घालते: एका हानीचे निवारण तशाच दुसऱ्या हानीने करू नये. शाफई परंपरेतील इमाम सुयूती (रह.) आणि हनफी परंपरेतील इब्ने नुजैम (रह.) या दोघांनीही या सूत्रांची चर्चा केली आहे. १८६९ ते १८७६ या काळात उस्मानी साम्राज्यात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या दिवाणी कायद्याच्या संहितेत ती अनुक्रमे कलम २० आणि कलम २५ म्हणून आली.

या दुसऱ्या सूत्राचे नेहमी दिले जाणारे उदाहरण असे: उपासमारीने मरू घातलेल्या माणसाला जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचे अन्न घेण्याची सवलत आहे, परंतु तो दुसरा माणूसही तितकाच उपाशी असेल तर त्याच्या तोंडचा घास काढून घेता येत नाही. संकट तसेच राहते, फक्त त्याची जागा बदलते. व्याजाचे कर्ज फेडण्यासाठी काढलेले व्याजाचे नवे कर्ज आणि एक खोटे झाकण्यासाठी बोललेले दुसरे खोटे हीही याच सूत्राची रोजच्या व्यवहारातील रूपे आहेत. पहिल्या कलपाने बिघडलेला केस दुसऱ्या कलपाने झाकणे हे त्यांतले सर्वांत लहान रूप म्हणता येईल. आकाराने लहान असल्यामुळेच ते आपल्या लक्षात येत नाही.

येथे कोणी एक रास्त आक्षेप घेईल. केस जर निर्जीव आहे, तर त्याची हानी ती कसली? आपण केस कापतो, हजमध्ये तर पुरुष संपूर्ण मुंडण करतात. मग काही केस कोरडे होऊन तुटले तर देहाच्या कोणत्या हक्काचा भंग झाला?

या आक्षेपाचे एक उत्तर सरळ आहे. तंतू निर्जीव असला तरी त्याखालची त्वचा जिवंत आहे. तिला खाज, जखम, सूज येत असूनही रसायन लावीत राहणे हे निव्वळ शोभेचे कृत्य राहत नाही. आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, या कुरआनच्या आदेशाशी (सूरह बकरा, १९५) त्याची गाठ पडते. तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, या आशयाची शिकवण प्रेषितांनी (स.) हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना दिली, ती तर अतिउपासनेच्या संदर्भात होती. उपासनेसाठीसुद्धा जिथे देहाचा हक्क डावलता येत नाही, तिथे शोभेसाठी तो कसा डावलता येईल?

दुसरे उत्तर अधिक खोलात जाते. हजमध्ये माणूस केस अल्लाहसाठी उतरवतो आणि त्याबद्दल मनात खंत ठेवीत नाही. त्यागलेली वस्तू आणि नासलेली वस्तू, हातातून दोन्ही जातात. पण पहिली देताना माणूस मोकळा होतो आणि दुसरी गमावताना तो अधिकच बांधला जातो. ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा, या आशयाची हदीस अबू दाऊद (रह.) यांनी नोंदली आहे. मान राखणे म्हणजे त्या वस्तूला आपल्या भीतीचे साधन न बनवणे. अमानत म्हणून मिळालेली वस्तू धनी परत मागेपर्यंत सांभाळायची असते. ती जिवंत आहे की निर्जीव, महाग आहे की स्वस्त, यावर अमानतीचा धर्म अवलंबून नसतो.

मग हातात काय उरते?

या विवेचनाचा अर्थ विटलेल्या, विस्कटलेल्या केसांनी वावरावे असा मुळीच नाही. विस्कटलेल्या केसांच्या माणसाला पाहून, केस बसवायला याला काही मिळाले नाही काय, असे प्रेषित (स.) म्हणाल्याचे हजरत जाबिर (रजि.) सांगतात. त्याचबरोबर रोजच्या रोज केसांच्या शृंगारातच गुंतून राहू नये, मधे अंतर ठेवावे, असेही त्यांनी शिकवले. हेळसांड आणि आसक्ती या दोहोंच्या मधली ही वाट आहे. रंग ताजा करायचा असेल तर तो कमीत कमी हानीच्या मार्गाने करावा आणि असे मार्ग उपलब्ध आहेत.

टाळूवर खाज, फोड किंवा जखम असेल तर सर्वांत आधी थांबावे आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून जखमेवर कलप लावण्याची सवलत मिळत नाही. त्वचा निरोगी असेल तर पक्का रंग फक्त नव्याने उगवलेल्या मुळांना लावावा. आधी रंगवलेल्या लांबीवर तो पुन्हा ओढू नये. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. खांद्याखाली पोचलेल्या केसाच्या टोकाने त्यामुळे दोन-तीन वर्षांचे ऊन-पाणी सोसलेले असते. त्याच्यात नवा मारा सोसण्याची ताकद उरलेली नसते. लांबीवरची छटा उजळायची असल्यास अमोनिया व पेरॉक्साइड नसलेला, केसाच्या बाहेरच बसणारा आणि काही धुण्यांत निघून जाणारा सौम्य रंग वापरावा. तांबूस छटा चालत असेल तर शुद्ध मेंदी पुरेशी आहे.

दोन चाचण्या कधीही चुकवू नयेत. रंगाचा थेंब कोपराच्या आतील बाजूस किंवा कानामागे लावून ४८ तास वाट पाहावी आणि हे प्रत्येक वेळी करावे. तसेच फणीत अडकलेले आपलेच चार केस घेऊन त्यांवर रंग आधी लावून पाहावा. काही मिश्र मेंदीत धातूंचे क्षार असतात. त्यांवर पेरॉक्साइडचा कलप पडला तर केस तापून तुटू शकतात. डोक्यावर प्रयोग करण्यापेक्षा चार गळालेल्या केसांवर केलेला बरा.

रंग टिकवण्याचे निम्मे काम धुण्याच्या सवयीत आहे. कडकडीत पाण्याऐवजी कोमट किंवा गार पाणी घ्यावे, शाम्पू सौम्य असावा आणि रोज लावू नये. धुण्यापूर्वी लावलेले खोबरेल तेल केसातील प्रथिने वाहून जाणे कमी करते. आपल्या आजींना त्याचे शास्त्र ठाऊक नसले तरी रीत ठाऊक होती. उन्हात डोक्यावरून घेतलेली ओढणी रंगाचेही रक्षण करते. रंग काढण्यासाठी लिंबू किंवा खाण्याचा सोडा चोळण्याचे घरगुती प्रयोग मात्र कोरड्या केसांना आणखी कोरडे करतात, ते टाळावेत.

फाटलेली टोके कोणत्याही तेलाने जुळत नाहीत, ती कापावी लागतात. स्त्रियांनी केस मुळीच कापू नयेत, या समजुतीमुळे काही भगिनी तुटके केस वर्षानुवर्षे वागवतात. वास्तविक प्रेषितांच्या (स.) पत्नींनी आपले केस आखूड केल्याचा उल्लेख ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. पुरुषांसारखे दिसण्याचा हेतू नसेल तर खराब टोके कापण्यात आडकाठी नाही. मात्र गळालेल्या केसांच्या जागी दुसऱ्या माणसाचे केस जोडणे वैध नाही. आजारपणात केस गळालेल्या एका अन्सारी नववधूसाठी तिच्या घरच्यांनी तशी परवानगी मागितली होती आणि प्रेषितांनी (स.) ती नाकारली. कारण खरे आणि करुण असले तरी मार्गाचा प्रश्न उरतोच.

वुजू आणि गुस्लविषयीची शंकाही येथेच दूर करू. मेंदी किंवा कलप यांचा नुसता रंग केसात मुरलेला असेल तर पाणी केसापर्यंत पोचते आणि तहारत पूर्ण होते. मेंदीचा ओला किंवा वाळलेला लेप मात्र थर बनून पाणी अडवतो, म्हणून तो आधी धुऊन टाकावा.

कोणाच्या नजरेसाठी?

आता तिसरा प्रश्न. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याविषयी असे सांगितले जाते की पत्नीने आपल्यासाठी नटावे हे जसे त्यांना आवडे, तसेच तिच्यासाठी आपण नीटनेटके राहणेही त्यांना आवडे. आपल्या जिवलगांच्या आनंदासाठी केस रंगवणे हा आनंदाचाच भाग आहे. त्यात फसवणूक नाही, कारण जोडीदाराला आपले वय ठाऊक असते.

फसवणूक तेव्हा होते, जेव्हा समोरच्याचा निर्णय आपण झाकलेल्या गोष्टीवर अवलंबून असतो. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर प्रेषितांच्या (स.) बोटांना आत ओल लागली. पावसाने भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध तोडल्याचे सांगितले. विवाहाच्या बोलणीत वय लपवण्यासाठी काळी केलेली दाढी किंवा काळे केलेले केस हा तोच ढीग आहे, वरून कोरडा आणि आतून ओला. तिथे रंग लावायचाच असेल तर वय स्पष्ट सांगावे; मग रंग निरुपद्रवी होतो.

परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे आणि ती आपल्या घरांशी संबंधित आहे. पुरुषाच्या पिकलेल्या दाढीला आपण रुबाब म्हणतो. तेवढ्याच वयाच्या स्त्रीच्या भांगातली पांढरी रेघ मात्र थट्टेचा विषय होते. ‘आता आजीबाई दिसू लागलीस,’ असे हसत म्हटलेले एक वाक्य लग्नाच्या मांडवात सहज फेकले जाते आणि ऐकणारी भगिनी टाळूला आग होत असतानाही रात्री पुन्हा वाटी भरून कलप कालवते. आपण तिला विचारतो, गुनाह होईल हे ठाऊक नाही का? आधी त्या जिभेला विचारले पाहिजे. एकमेकांची थट्टा करू नका, असा आदेश सूरह हुजुरातमध्ये (आयत ११) पुरुषांना आणि स्त्रियांना वेगवेगळा उल्लेख करून दिला आहे. हानी करू नये हे सूत्र कलपाच्या पुडीला लागू आहे, तसेच ते बोलणाऱ्यालाही लागू आहे. आपल्या पत्नीला, आईला किंवा जाऊबाईला कलपाची ॲलर्जी आहे हे जाणूनही जो तिला पिकल्या केसांवरून हिणवतो, त्याने त्या जखमेतला आपला वाटा ओळखावा. ‘आहेस तशीच चांगली दिसतेस,’ असे पतीने म्हटलेले एक वाक्य कितीतरी महागड्या बाटल्यांपेक्षा टाळूला गुणकारी ठरेल.

सूरह रूममध्ये (आयत ५४) अल्लाहने मानवी आयुष्याचा क्रम सांगितला आहे: आधी दुबळेपणा, मग बळ, मग पुन्हा दुबळेपणा आणि पिकलेले केस. केस पिकणे हा अपघात नसून निर्मात्याने आखलेल्या क्रमातला एक टप्पा आहे. हजरत जकरिया (अ.) यांनी संततीसाठी केलेली प्रार्थना सूरह मरयमच्या प्रारंभी आहे. त्या प्रार्थनेत त्यांनी आपली हाडे दुबळी झाल्याचे आणि डोके पांढऱ्या केसांनी उजळून निघाल्याचे पालनकर्त्यासमोर मांडले. जी गोष्ट आपण माणसांपासून लपवतो, ती एका प्रेषिताने आपल्या मागणीच्या समर्थनार्थ अल्लाहपुढे ठेवली आणि ती मागणी स्वीकारली गेली.

तेव्हा निरोप पाठवणाऱ्या भगिनीला उत्तर द्यायचे तर ते असे आहे. केस रंगवल्याने गुनाह होत नाही. काळ्याऐवजी तांबूस किंवा तपकिरी छटा घ्यावी. टाळूला इजा होत असेल तर आता थांबावे आणि लग्नाला मेंदीच्या उरलेल्या रंगाने, तेल लावून नीट विंचरलेल्या केसांनी, भांगातल्या पांढऱ्या रेघेसह जावे. दुखावलेला केस दुरुस्त होत नाही, पण त्याच्या मुळाशी नवा केस दरमहा एक सेंटिमीटर उगवत असतो. त्याला तेवढी सवड द्यावी. घरच्यांनी त्या काळात तिच्या केसांविषयी बोलायचेच असेल तर चांगले बोलावे, अन्यथा गप्प राहावे.

अल्लाह आपल्या देहाच्या अमानतीची जाण आपल्याला देवो, आपल्या शोभेला फसवणुकीपासून आणि आपल्या जिभेला दुसऱ्यांना दुखावण्यापासून वाचवो, आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या पांढऱ्या केसांना कयामतच्या दिवशी प्रकाश बनवो. आमीन.